जनावरांची ट्रॉली: खण आतून मोजा, मगच ऑर्डर द्या (माझा अनुभव)

जनावरं न्यायला ट्रॅक्टरची ट्रॉली करून घ्यायची म्हटलं की आपण आधी पत्र्याची जाडी विचारतो, मग टायर, मग भाव. मीही त्याच क्रमानं गेलो. ट्रॉली तयार झाली, रंग झाला आणि नोंदणीच्या तपासणीत ती दोनदा परत आली. मुख्य कारण एकच, प्रत्येक खणात, म्हणजे एका जनावराच्या कप्प्यात, दीड-पावणेदोन चौरस फूट जागा कमी पडत होती. हे ऑर्डर देण्याआधी कुणी सांगितलं असतं तर एक इंचही वेल्डिंग तोडावं लागलं नसतं. म्हणून सगळी मापं इथे लिहून ठेवतो.

घोळाची सुरुवात 'सहा' या आकड्यापासून होते. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात विचारा नाहीतर माळेगावच्या यात्रेत, उत्तर एकच मिळतं, गाडीत सहा जनावरं चालतात. ट्रॉलीवालाही तेच सांगतो, एजंटही तेच सांगतो. हा आकडा खोटा नाही. १९७८ च्या जनावर वाहतूक नियमांत तो आहे, पण तिथं लिहिलंय की एका मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त गुरं नेऊ नयेत. ती वरची मर्यादा झाली. कुठल्याही गाडीत सहा भरायला मोकळीक आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

खरा आकडा दुसरीकडे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१५ च्या दुरुस्तीनं १२५-ई हा नियम आला आणि १ जानेवारी २०१६ पासून तो लागू आहे. जनावरं नेणाऱ्या वाहनात कायमचे खण हवेत, एका खणात एकच जनावर हवं, आणि गाय किंवा म्हैस असेल तर खण किमान २ चौरस मीटरचा हवा. शेळी-मेंढीला ०.३ चौरस मीटर. वाहनात हे खण बसवलेत की नाही ते पाहूनच परिवहन कार्यालय नोंद करतं. त्याच नियमात आणखी एक ओळ आहे, तिच्याकडे आपल्याकडे कुणी बघत नाही: जनावरांसाठीच्या वाहनातून दुसरा माल न्यायचा नाही. म्हणजे सकाळी म्हशी, दुपारी सोयाबीन आणि दिवाळीनंतर ऊस, असा एकाच ट्रॉलीचा हिशेब डोक्यात असेल तर तो आधीच सोडा.

आता माप. २ चौरस मीटर म्हणजे २१.५३ चौरस फूट. आमच्या ट्रॉलीचा साटा, म्हणजे माल ठेवायचा भाग, बाहेरून ६ फूट रुंद आणि साडेचौदा फूट लांब. ६ गुणिले १४.५ म्हणजे ८७ चौरस फूट, भागिले चार, प्रत्येकी २१.७५. कागदावर चार खण व्यवस्थित बसतात. ट्रॉलीवाल्यानं हाच हिशेब दिला, मी तो तपासला आणि बरोबर म्हटला. चूक भागाकारात नव्हतीच.

तपासणी करणारे साहेब टेप आत लावतात. दोन्ही बाजूंच्या चौकटी दीड-दीड इंचाच्या, म्हणजे आतली रुंदी ५ फूट ९ इंच. मधे उभा दीड इंची पाइप, त्यामुळे एका खणाला उरले २ फूट पावणेदहा इंच. लांबीतही तेच झालं. आतून १४ फूट ३ इंच, आडव्या पाइपचे दीड इंच वजा केले की एका खणाला ७ फूट पाऊण इंच. गुणाकार येतो १९.८६ चौरस फूट, चौरस मीटरमध्ये १.८५. चारही खण नापास.

पहिल्या फेरीत हे एवढंही कळलं नाही. उत्तर मिळालं, खण लहान आहेत, दुरुस्त करून आणा. किती लहान, कुठून मोजले, कागदावर काहीच नाही. पुन्हा तारीख घ्या, पुन्हा तारखेची वाट पाहा, पुन्हा ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी जा. दुसऱ्या फेरीला आम्ही मधला पाइप पातळ करून नेला. त्यानं रुंदीत अर्धा इंच वाढला, पण क्षेत्रफळात काही फरक दिसला नाही. वरून एक नवीन हरकत आली: खणांचे पाइप नट-बोल्टवर होते. नियमात 'कायमचे' असं लिहिलंय, म्हणून बोल्ट चालणार नाहीत. हरकत योग्यच होती. पण ट्रॉली पहिल्या दिवशीही तीच होती आणि बोल्टही तेच होते. दोन्ही गोष्टी एकदम सांगितल्या असत्या तर एक पूर्ण फेरी आणि एक महिना वाचला असता. याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून पहिल्याच तपासणीत अर्ज करून त्रुटी लेखी मागा. 'मोजलेली लांबी, रुंदी आणि कमी पडलेलं क्षेत्रफळ कळवावं' असं एका ओळीत लिहायचं आणि पोच घ्यायची. तिसऱ्या फेरीआधी मी हेच केलं. मग कुठे साहेबांनी टेप लावून खडूनं फाळक्यावर, म्हणजे ट्रॉलीच्या मागच्या झडपेवर, आकडे लिहून दिले, आणि मला पहिल्यांदा कळलं की भांडण पावणेदोन चौरस फुटाचं आहे.

साटा वाढवायचा तर चेसीच तोडावी लागली असती. त्याऐवजी आम्ही चार खणांचे तीन केले. पुढे दोन खण, प्रत्येकी ७ फूट ९ इंच लांब, म्हणजे २१.८ चौरस फूट. मागे एकच मोठा खण, ६ फूट साडेचार इंच लांब आणि पूर्ण ५ फूट ९ इंच रुंद, सुमारे ३.४ चौरस मीटर. लांबीला तो कमी वाटतो, पण रुंद असल्यानं मोठी मुऱ्हा म्हैस त्यात तिरकी निवांत उभी राहते. मधली आडवी चौकट वेल्ड केलेल्या कब्जांवर दारासारखी बसवली, कारण पुढची दोन जनावरं मागच्या खणातूनच चढणार. कब्जे पक्के आहेत आणि चौकट काढून नेता येत नाही, हे पाहिल्यावर ते 'कायमचं' म्हणून मान्य झालं. तिसऱ्या फेरीत दहा मिनिटांत पास. त्या दिवशी परतीच्या रस्त्यावर डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, हे खरं.

तुम्ही नवीन करून घेणार असाल तर ट्रॉलीवाल्याच्या वहीत पुढचे आकडे 'आतून मोकळं माप' असे शब्द लिहून नोंदवा. चार जनावरांना आतली रुंदी साडेसहा फूट मिळाली तर आतली लांबी १३ फूट साडेनऊ इंच पुरते. रुंदी ५ फूट ९ इंचच असेल तर लांबी १५ फूट साडेसात इंच लागते. पाऊण फूट रुंदी वाढली की जवळजवळ दोन फूट लांबी वाचते. ट्रॉली जितकी आखूड, तितकी वळणावर आणि गल्लीत सोपी. यात प्रत्येक खणाच्या लांबीत साधारण इंचभराची सूट धरलेली आहे, ती ठेवाच, वेल्डिंगमध्ये लोखंड ओढतं.

दोनच जनावरं न्यायची असतील तर चारचाकी ट्रॉलीच्या नादी लागू नका. दोनचाकी ट्रॉली मागे घ्यायला सोपी असते, चारचाकीचं पुढचं फिरतं चाक मागे घेताना भलतीकडे जातं. दोनचाकीत धोका एकच, उलाळ होण्याचा. जनावरं मागे सरकली की वजन आसाच्या मागे जातं, ट्रॅक्टरला जोडलेलं जू वर उचललं जातं आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते. म्हणून आस मध्यावर न ठेवता थोडा मागे घ्यायला सांगा आणि जनावरं पुढे तोंड करून बांधा. १९७८ च्या नियमांतही तोंड शक्यतो इंजिनाकडे ठेवायला सांगितलंय.

पाट्यांबद्दल, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांबद्दल, कुणी बोलत नाही. आपल्याकडच्या ट्रॉल्या उसाच्या वजनाच्या हिशेबानं बांधतात. चार देवणी गाई म्हणजे फार तर दोन टन. एवढ्या हलक्या वजनाला ते जाड पाटे दबतच नाहीत, प्रत्येक खड्ड्यात साटा उडतो आणि गुरांच्या गुडघ्यांना मार बसतो. पाटे कमी करून घ्या, आणि टायरमध्ये उसाच्या वेळची कडक हवा ठेवू नका. टायरवर लिहिलेल्या मर्यादेत राहून वजनापुरती हवा ठेवा.

फाळका ही दुसरी मोठी चूक. नेहमीचा दोन फुटी फाळका चढायच्या कामाचा नाही. आमचा साटा जमिनीपासून सव्वातीन फूट. पाच फुटी उतार लावला तर चढण चाळीस अंशांच्या वर जाते, गाय तिथं पाय देत नाही. आठ फुटी लावला तर पंचवीस अंशांच्या आत येते. पण साट्याच्या पूर्ण रुंदीचा आठ फुटी उतार ३ मिलिमीटर पत्र्यात केला तर नुसत्या पत्र्याचंच वजन शंभर किलोच्या पुढे जातं, दोन माणसांना उचलत नाही. म्हणून तीन फूट रुंदीचा वेगळा उतार करा, त्याला वर दोन हुक ठेवा आणि साट्याच्या मागच्या कडेला आडवा पाइप लावा. हव्या त्या बाजूला सरकवता येतो. उतारावर दर नऊ-दहा इंचांवर पट्टी आणि दोन्ही बाजूंना फूटभर उंच कडा हवी. कडा नसेल तर जनावर खाली बघतं आणि थांबतं. शेतात चढवताना ट्रॉलीची शेपटी चढाच्या बाजूला घ्या, बांधाला टेकवली की निम्मी उंची तिथंच संपते.

तळाला चेकर प्लेट घातली म्हणजे घसरत नाही, हा गैरसमज आहे. शेण-मूत पडलं की तीही साबणासारखी होते. काथ्याची चटई किंवा लाकडी फळ्या १९७८ च्या नियमांतच आहेत, मी गोठ्यातली जाड रबरी मॅट वापरतो. मॅटखाली मूत साचून पत्रा सडतो, त्यासाठी मागच्या कडेला इंचभराची भोकं पाडा.

बाजूंना खाली चार फूट बंद पत्रा आणि वर एक फूट पाइप असू द्या, हवा खेळते. खणाच्या चौकटीला खालचे अडीच फूट पत्रा मारा. तिथं आठ-दहा इंचांची फट राहिली तर जनावर बसतं तेव्हा पाय पलीकडे जातो आणि उठताना मोडतो. हे नुकसान कशानंच भरून निघत नाही. वरच्या पाइपांत लाल कंधारी गाईचं शिंग अडकणार नाही एवढंच अंतर ठेवा, चार इंचांच्या आत.

बांधताना म्होरकीला बांधा, वेसणीला कधीच नाही. ब्रेक लागला की सगळा ताण नाकावर येतो आणि नाक फाटतं. दाव्याला सुरगाठ द्या, एका ओढीत सुटली पाहिजे. जनावर पडलंच तर गाठ शोधायला वेळ नसतो.

कागदांचं काम त्या मानानं सरळ आहे. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा प्रवासयोग्य असल्याचा दाखला, कानातला बारा आकडी बिल्ला, बाजार समितीची पावती. दाखल्यावरचा बिल्ल्याचा नंबर आणि कानातला नंबर जुळतो का ते दवाखान्यातच वाचून घ्या. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीपासून गोवंशाची गाडी रस्त्यात बारकाईनं तपासली जाते, एक आकडा चुकला तरी जनावरं उन्हात उभी राहतात. सोबत एक माणूस आणि प्रथमोपचाराची पेटी हवी. आणि हे सगळं स्वतःच्या जनावरांपुरतं आहे. शेतीसाठी नोंदलेल्या ट्रॉलीवर दुसऱ्याची जनावरं भाड्यानं नेऊ नका.

मे महिन्यात निघायचं तर पहाटे चारला, दहाच्या आत पोचेल असं बघा. आदल्या रात्री हिरवा चारा बंद, कोरडा कडबा द्या, म्हणजे शेण पातळ होत नाही आणि तळ निसरडा होत नाही. ट्रॅक्टरचा वेग पाहता चाळीस-पन्नास किलोमीटरच्या पुढे मी ट्रॉली नेत नाही, तिथं खण बसवलेला पिकअप किंवा ट्रकच बरा. शेवटच्या महिन्यातली गाभण गाय कशातूनच नेत नाही.

आणि ऑर्डर देताना आगाऊ रक्कम देण्याआधी ट्रॉलीवाल्याकडे नोंदणीला लागणारी मंजुरीची कागदं आहेत का ते डोळ्यांनी बघा, झेरॉक्स घरी आणा. तोंडी 'होऊन जाईल' म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.