मंगल कार्यालयाचा पायलट: तिसऱ्या आराखड्याची नोंद

साताऱ्यातलं जुनं मंगल कार्यालय, वडिलांमागे ते चालवणारे बहीण-भाऊ आणि दर भागात नवी पार्टी, म्हणजे कार्यालय भाड्याने घेणारं नवं गिऱ्हाईक, एवढ्यावर मालिका उभी आहे. तिसऱ्या आराखड्यातला सर्वांत मोठा बदल म्हणजे 'कार्यालय बिल्डरला विकायचं की नाही' हा धागा पूर्ण काढला. पायलटमध्ये, म्हणजे मालिकेच्या पहिल्या भागात, तो जोरदार वाटतो, पण एका निर्णयात संपतो. विकलं तर मालिका संपली, नाही विकलं तर ताण संपला. निर्णय लांबवत ठेवला, तर पाच-सहा भागांत प्रेक्षक ओळखतो की हे कधीच होणार नाही.

त्या जागी आता स्वभावाचं भांडण आहे. वृंदाताई नोंदवहीत लिहिलेलं तेवढंच खरं मानते. मिलिंद दिलेला शब्द मोडत नाही, आणि शब्द कुणालाही देतो. ताई नसेल तर पैसे बुडतील, मिलिंद नसेल तर पार्ट्या फिरकणार नाहीत. दोघांना एकमेकांशिवाय चालत नाही, हे पायलटमध्येच दिसायला हवं. नाहीतर 'पटत नाही तर वेगळे का होत नाहीत?' हा प्रश्न प्रत्येक भागात डोकं वर काढतो. बारमध्ये घडणाऱ्या 'चीअर्स' या अमेरिकन विनोदी मालिकेचा पहिला भाग (1982) या एका गोष्टीसाठी पुन्हा पाहावा. डायॅन ही नायिका होणाऱ्या नवऱ्यासोबत बारमध्ये येते, तो तिला तिथेच सोडून जातो, आणि शेवटी ती त्याच बारमध्ये वेट्रेसची नोकरी धरते. भाग संपतो तेव्हा तिला उद्या पुन्हा यायचं कारण मिळालेलं असतं. मालिका 275 भाग चालली.

दुसऱ्या आराखड्यात कायमची पात्रं सहा होती, म्हणजे जोड्या 15. प्रत्येक जोडीपुढे 'यांचं कशावरून वाजतं' ते एका ओळीत लिहिलं, तेव्हा डेकोरेटर आणि हिशेबनीस यांच्या ओळी बहुतेक कोऱ्या राहिल्या. त्या दोघांचा मिळून एक मंडपवाला पक्या केला. तो थकलेल्या बिलासाठी रोज ऑफिसात येऊन बसतो. आता वृंदा, मिलिंद, आचारी बंडूकाका, तरुण गुरुजी आणि पक्या अशी पाच पात्रं, 10 जोड्या, आणि एकही ओळ कोरी नाही. गुरुजी आणि वृंदाची जोडी तर अनपेक्षितपणे भक्कम निघाली. चातुर्मासात कार्यालय बंद ठेवायचं हा वडिलांचा नियम ती पाळते. गुरुजी पंचांगातले गौणकालातले, म्हणजे अडचण असेल तर चातुर्मासातही चालणारे, मुहूर्त काढून दाखवतात, आणि मिलिंद लगेच आगाऊ रक्कम घेऊन मोकळा होतो.

पायलटची मुख्य गोष्ट: एका तारखेला दोन पार्ट्या. खाली लग्न, आणि वरच्या लहान हॉलसकट पूर्ण कार्यालय ज्यांना कबूल केलंय ते आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन. हा प्रसंग अपेक्षित आहे, मान्य. पण पहिल्या भागात प्रसंगाच्या नवेपणापेक्षा तो या दोघांच्याच स्वभावातून येणं महत्त्वाचं. पहिल्या दृश्यात बहीण-भाऊ एकमेकांना आधीच माहीत असलेल्या गोष्टी सांगत बसायचे ('बाबा गेल्यापासून तू...'). ते सगळे संवाद काढून नोंदवही उघडली. ताईची नोंद निळ्या शाईत, तिच्याखाली त्याच चौकटीत मिलिंदची पेन्सिलीत. अर्ध्या मिनिटात दोघं कळतात आणि अडचणही.

वेळेची मांडणी 22 मिनिटांच्या भागाची आहे: सुरुवातीचा तुकडा दीड मिनिट, पहिला अंक सात, दुसरा सात, तिसरा साडेपाच, शेवटचा शेपटीचा विनोद एक मिनिट. मुख्य गोष्टीला आठ टप्पे, दुसरीला पाच (वधूला लाइव्ह पास्ता काउंटर हवाय, बंडूकाका मठ्ठ्याच्या पातेल्याशेजारी तो लावू देत नाहीत), तिसरीला तीन (नाव नसलेलं आहेराचं पाकीट). टप्पे 16, पण दृश्यं 12च. उरलेले चार टप्पे वेगळ्याच गोष्टीच्या दृश्यात उरकतात. टप्पे कार्डांवर लिहून प्रत्येक गोष्टीला वेगळ्या रंगाचं कार्ड ठेवलं तर एक दोष नजरेनेच सापडतो: सलग चार कार्डं एकाच रंगाची आली की बाकीची पात्रं पाच-सहा मिनिटं गायब झालेली असतात. कार्डावर विनोद लिहायचा नाही. कुणाला काय हवं, कोण आडवं येतं आणि दृश्य संपताना काय बदललं, एवढंच. दोन कार्डांमध्ये 'म्हणून' किंवा 'पण' बसत नसेल, नुसतं 'मग' बसत असेल, तर त्यातलं एक कार्ड बहुधा काढता येतं.

शेवटी दोन्ही पंगती एकत्र उठतात, कोण कुणाच्या कार्यात जेवलं ते पाहुण्यांना कळत नाही. कार्य निभावतं, पण ताईच्या मते ते तिने ऐनवेळी लिहिलेल्या यादीमुळे आणि मिलिंदच्या मते त्याने आजोबांना दिलेल्या शब्दामुळे. दोघांच्या म्हणण्यात तथ्य ठेवलंय. एक जरी पूर्ण बरोबर ठरला, तरी दुसऱ्या भागात भांडायला काही उरत नाही.

पुढच्या भागांची चाचणीही याच आराखड्याला जोडली आहे. 'मुंज', 'डोहाळजेवण', 'साड्यांचा सेल' ही यादी झटकन होते, पण ती समारंभांची यादी आहे, भागांची नव्हे. भाग कसा, तर: सेलवाला भाडं रोख देणार पण पावती नको म्हणतो, आणि पक्याचं बिल त्याच पैशांतून फिटणार आहे. किंवा: तेराव्याच्या जेवणात बंडूकाकांच्या जिलबीचं कौतुक होतं आणि मिलिंद तिथेच पुढच्या लग्नाचं बुकिंग घेतो. पार्टी बदलली तरी पेच या पाच जणांतच राहिला, तर तो भाग ठेवायचा. अशा दहा ओळी हव्यात. सात टिकल्या आहेत, आणि सातांपैकी चार मिलिंदच्या शब्दामुळे सुरू होतात. हे प्रमाण बिघडलेलं आहे. अजून लिहायच्या तीन ओळींची सुरुवात ताईच्या नियमातून किंवा बंडूकाकांच्या हट्टातून व्हायला हवी.

पायलटमध्ये नववं दृश्य अजून ढिलं आहे. गुरुजींना दोन्ही हॉलमध्ये एकाच वेळी उभं राहावं लागतं, पण त्यात त्यांना स्वतःला काही हवं नाही. ते नुसते धावतात. त्यांची दक्षिणा एकाच पार्टीकडे ठरलेली आहे असं करून पाहतोय. ते बसलं की संवादाला हात घालायचा, साधारण 30 पानांच्या आत.