अर्धी लाइन

नवतपा लागून चौथा दिवस. दुपारी अडीचला कूलरसमोर बसलो, तर अंगावर येणारी हवा भट्टीवरून आल्यासारखी. मागे जाऊन पाहिलं. दोन ताट्या ओल्या, तिसरी ठणठणीत कोरडी. आमच्या बोअरचं पाणी जड आहे. दर उन्हाळ्यात कूलरच्या वरच्या नळीची भोकं पांढऱ्या क्षारानं बुजतात आणि दर उन्हाळ्यात मी काहीतरी बारीक, टोकदार शोधत घरभर फिरतो. खराट्याची काडी आतच मोडली. सेफ्टी पिन वाकली.

"आईंच्या पेटीत सुया असतील, पाहा ना," बायको म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

आई सध्या नागपूरला बहिणीकडे आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. तिची पेटी लोखंडी, हिरवी, कडी कधीच तुटलेली. झाकण उघडलं की डांबरगोळ्यांचा भपकारा. खरं म्हणजे त्यांची काही गरज नाही. आम्ही जिला लोकर म्हणतो ती सगळी ॲक्रिलिक, कसर तिला तोंडसुद्धा लावत नाही. पण लोकर म्हटली की डांबरगोळी पाहिजेच, या मुद्द्यावर आईशी वाद घालण्यात अर्थ नाही.

वरच क्रोशाच्या सुया होत्या. त्यातली एक पोलादी घेऊन गेलो, तर पहिल्याच भोकात तिचा आकडा अडकून बसला. आत जायचं ते काहीतरी ओढून बाहेर आणायलाच, नुसतं ढकलणं तिच्या स्वभावात नाही. कसाबसा आकडा सोडवला. याच सुईनं आमच्या घरातला टीव्ही, रेडिओ, पाण्याचा माठ आणि चार भाच्यांची डोकी झाकली गेली आहेत. साखळी, मुका खांब, खांब, पुन्हा साखळी. क्रोशाचं खरंखुरं यंत्र अजून कुणाला जमलेलं नाही, बाजारात यंत्रावरची म्हणून मिळते ती क्रोशासारखी दिसणारी जाळी. दोन सुयांच्या विणकामाला मात्र विल्यम ली नावाच्या इंग्रजानं १५८९ सालीच यंत्र काढलं. म्हणजे आई माझ्यासाठी स्वेटर विणत होती तेव्हा ते हातानं करायची गरज संपून चारशे वर्षं होत आली होती. हे मी तिला एकदा सांगितलं. "मंग तूच घाल त्याच्या मशीनचा," म्हणाली.

पेटीत खाली एकेकट्या सुया निघाल्या. जोडीदार हरवलेल्या. त्या टाकवत नाहीत. हा आजार आईकडून माझ्याकडे आलाय. एकटी सुई नाडी ओवायला चालते, इडली शिजली का पाहायला चालते, हाताला प्लास्टर असताना आत खाज सुटली तर तिच्यासारखी दुसरी वस्तू नाही. पण या सगळ्या आठ नि दहा नंबरच्या, म्हणजे जाड. मला हवी होती चौदा नंबर.

लहानपणी हे नंबर मला कोडं वाटायचे. आठ जाड, दहा बारीक, बारा त्याहून बारीक. वर्गातल्या नंबराचंही तेच होतं म्हणा, वाढला की घरात आपण बारीक व्हायचो. पुढे कळलं की हे मूळचं तारेचं माप. तार भोकांतून ओढून ओढून बारीक करत न्यायची, जितक्यांदा ओढली तितका तिचा नंबर. आईच्या बारीक सुया तर खरोखरच तारा होत्या. बाबांच्या सायकलचे जुने स्पोक. वाकडं डोकं कापायचं, दगडावर घासून टोक काढायचं, दुसऱ्या बाजूला इंजेक्शनच्या बाटलीचं रबरी बूच खोचायचं, म्हणजे घरं, सुईवरचे टाके, निसटत नाहीत. सायकलवाला स्पोकला चौदा नंबर म्हणतो आणि विणकामाच्या जुन्या मापातली चौदा नंबरची सुईसुद्धा दोन मिलिमीटरचीच. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. बॉर्डर घट्ट येते, एवढं तिला पुरेसं होतं.

लडी धरणं ही माझी बिनपगारी नोकरी. दोन्ही हात समोर ताणून बसायचं, मनगटांवर लडी, समोर आई गुंडा करतेय. दोरा एकदा डाव्या हातावरून सुटतो, एकदा उजव्या; ज्या हाताची पाळी तो जरासा झुकवायचा. न झुकवणाऱ्याच्या हातात लडी गुंतते. नाक खाजवायची सोय नाही. बाहेर कंच्यांचा आवाज. खिडकीतून एक जण डोकावून विचारायचा, "काय गा, पोलिसानं धरला का?"

जुना स्वेटर उसवला की तीच लोकर पुन्हा लडी होऊन माझ्या हातांवर यायची. उसवलेला दोरा शेवयांसारखा कुरळा असतो. तो धुऊन, खाली तांब्या अडकवून दांडीवर टांगला की ताठ होतो. काकाचा मफलर माझी कानटोपी झाला, कानटोपी बहिणीचे मोजे झाली. मोजे पुढे कुठे गेले माहीत नाही.

आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे. तिचं नाव नॉर्ग्येलिंग, पण आम्ही नुसतं कॅम्प म्हणतो. थंडीत ही मंडळी ठिकठिकाणी स्वेटरची दुकानं लावतात. आई अशा दुकानात जायची ती घ्यायला नव्हे. स्वेटर उचलायची, उलटा करायची आणि ओठ हलवत घरं मोजायची. मी लाजेनं दुसरीकडे पाहत उभा. एकदा दुकानातल्या बाईनं बराच वेळ हे पाहिलं, मग जवळ आली. वाटलं, आता हाकलते. तिनं वेणीच्या नमुन्यावर बोट ठेवलं, दोन बोटं वर केली, मग तीन, मग हातानंच एक घर दुसऱ्यावरून ओलांडून दाखवलं. आई घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, विसरेल म्हणून.

आणि नाटकं. दिवाळी सरली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम, वडशाच्या कंपन्या गावोगाव निघतात. रात्री दहाला चढलेलं नाटक पहाटे सुटतं. मंडपात खाली तणीस, अंगावर शाली, आणि आईच्या हातात सुया. डोळे स्टेजवर, बोटं आपली चाललेली. दुसऱ्या दिवशी उजेडात स्वेटर पाहिला की नाटक कुठे रंगलं ते कळायचं. खलनायक आला तिथे टाके आवळलेले, गाण्यांच्या जागी ढिले. माझ्या पाचवीतल्या स्वेटरच्या डाव्या बाहीत एका विधवेचा अख्खा प्रवेश होता. ती बाही शेवटपर्यंत आखूडच राहिली.

आईचा कायदा एकच. लाइन अर्धी सोडून उठायचं नाही. ओळीला ती लाइन म्हणते. दार वाजलं, थांबा, लाइन पुरी होऊ द्या. दूध उतू गेलं, जाऊ द्या. बाबांना परसात विंचू चावला आणि ते ओरडत आत आले तेव्हाही तिनं म्हणे उरलेली चार घरं उरकून मगच सुया ठेवल्या. ही गोष्ट बाबांनी मरेपर्यंत प्रत्येक पाहुण्याला सांगितली.

म्हणून पेटीच्या तळाशी जे निघालं ते पाहून मी खालीच बसलो. मोरपंखी रंगाची तीन बोटं रुंद बॉर्डर, दोन सुलट दोन उलट. स्पोक दोन्ही त्यातच. आणि घरं दोन्ही सुयांवर. लाइन अर्ध्यात सोडलेली.

नागपूरला फोन लावला.

"आई, मोरपंखी बॉर्डर सापडली. लाइन अर्धीच आहे."

"माही? शक्यच नाई."

"दोन्ही सुयांवर घरं आहेत."

"किती हायेत?"

"एकीवर बासष्ट, दुसरीवर बेचाळीस."

"एकशेचार," ती लगेच म्हणाली. "मांगचा भाग. तुहाच हाये तो. सातवीत होता तू."

"पण अर्ध्यात उठली काहून?"

"आता मले का याद रायते गा?" मग जरा थांबून, "सातवीत होता न तू," असं पुन्हा, पण आता स्वतःशीच.

सातवीतल्या हिवाळ्यात मी बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, पडलो होतो. शेजारच्या काकांनी काढलं आणि खांद्यावर टाकून घरी आणलं. आणायच्या आधी कुणीतरी धावत सांगायला गेलं होतं. मला आठवतं ते फक्त अंगणात उलटं दिसणारं कवेलूचं छप्पर आणि अनवाणी पळत येणारे आईचे पाय. ती दुपार हीच का, हे मी विचारलं नाही. त्या वर्षी मला बाजारातला स्वेटर आणला होता, एवढं मात्र पक्कं आठवतं. तो टोचायचा.

"ऐकतो का?" आई फोनवर म्हणाली. "लाइन पुरी करून टाक. अर्धी नोको ठेवू."

"मी?"

"येते न तुले. व्ही दिसला का सुलट, गाठ दिसली का उलट."

तर मेच्या दुपारी मी बेचाळीस घरं विणली. ज्या नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता तिथूनच ही बाई, पंचेचाळीस अंशांत फोनवर घरं मोजत होती, आणि इकडे ॲक्रिलिक माझ्या घामट बोटांना चिकटत होतं. दोन घरं निसटली, ती क्रोशाच्या सुईनं वर ओढून घेतली. तिला ते जमतं. डोळ्यांवर ताण नको म्हणून डॉक्टरांनी आईला महिनाभर सुई धरू दिलेली नाही. माझी अर्धी लाइन संपेपर्यंत तिनं फोन ठेवला नाही. माझे टाके तिच्या टाक्यांशेजारी पोत्याच्या शिवणीसारखे दिसतात. एकशेचार घरांत आता माझं निम्मं पोटही मावणार नाही, ते सोडा.

लाइन पुरी झाली आणि सगळी घरं एका सुईवर आली. म्हणजे दुसरी मोकळी. मी ती घेऊन कूलरकडे गेलो. चौदा नंबरची तार भोकात अशी बसली की जणू त्यासाठीच ओढून काढलेली. एकामागून एक भोकं मोकळी केली, पांढरी पूड झटकली, नळी बसवली, पंप सुरू केला. तिसऱ्या ताटीवर पाण्याची धार उतरताना डोळ्यांनी पाहिली. कूलरसमोर येऊन बसलो, बनियन वर केलं आणि डोळे मिटले.

तेवढ्यात लाइन गेली.