४२ कळांवर मराठी बसवताना

मनगट दुखायला लागलं की पहिल्यांदा संशय कीबोर्डवर जातो. त्याआधी टेबल मोजावं. तयार टेबल साधारण ३० इंच उंच असतं. माझी उंची ५ फूट ४ इंच, खुर्चीत बसल्यावर कोपर जमिनीपासून २६ इंचांवर येतं. सुताराकडून पाय ४ इंच कापून घेतले, तर मांड्या ड्रॉवरला अडायला लागल्या. मग ड्रॉवरही काढला. स्क्रीन मात्र टेबलाबरोबर खाली गेली. तिची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणायला खाली लाकडी ठोकळा लागला.

त्यानंतर कॉर्ने हा दोन तुकड्यांचा, स्वतः जोडायचा कीबोर्ड. प्रत्येक तुकड्यावर २१ कळा: ६-६ च्या ३ रांगा, शिवाय अंगठ्यासाठी ३. कळांखालचे स्विच ज्यात बसतात ती प्लेट उद्यमनगरातल्या कारखान्यांत लेसरवर कापून मिळते. स्टील १.५ मिमी जाडीचंच सांगावं. ३ मिमी ॲक्रिलिकमध्ये स्विचच्या खाचा पकड घेत नाहीत. भोक १४ मिमीचं, पण लेसर स्वतः थोडं मटेरियल खातो, म्हणून आधी एकाच भोकाचा तुकडा कापून स्विच बसवून बघावा.

पीसीबी, म्हणजे सर्किटचा बोर्ड, दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. डाग द्यायच्या (सोल्डरिंगच्या) आधी डाव्या-उजव्यावर टेप लावून खूण केली नाही, तर दोन डावे हात तयार होतात. डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) ४२, १एन४१४८ जातीचे. एकच कळ मुकी असेल तर तिचा डायोड उलटा किंवा डाग कोरडा. अख्खा उभा स्तंभ मुका असेल तर कंट्रोलरची, म्हणजे कीबोर्ड चालवणाऱ्या छोट्या बोर्डाची, पिन बघा. आणि यूएसबी चालू असताना दोन तुकडे जोडणारी टीआरआरएस वायर काढायची नाही. प्लग सरकताना सप्लाय आणि ग्राउंड एकमेकांना चिकटतात, कंट्रोलर जातो.

खरा घोळ झाला इन्स्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या मांडणीवर. मधल्या रांगेतल्या अक्षरांवरच कंट्रोल, शिफ्ट ठेवायची पद्धत इंग्रजीत छान चालते: दाबून सोडलं तर अक्षर, धरलं तर मॉडिफायर (कंट्रोल, शिफ्टसारखी कळ). पण इन्स्क्रिप्टमध्ये हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) ‘डी’वर आहे, ‘क’ ‘के’वर, ‘र’ ‘जे’वर. म्हणजे ‘क्र’ लिहायला के-डी-जे, तिन्ही मधल्या रांगेत. ‘के’ धरलं की कंट्रोल, त्यामुळे वेगात ‘के’ सुटायच्या आत ‘डी’ पडते आणि ब्राउझरमध्ये कंट्रोल-डीची बुकमार्क खिडकी उघडते. ‘त्र’, ‘क्त’चंही तेच. कीबोर्डच्या क्यूएमके या सॉफ्टवेअरमधला ‘होल्ड ऑन अदर की प्रेस’ (दुसरी कळ पडताच पहिली धरलेली मानणारा) पर्याय बंद केला, कळ धरलेली मानायची २०० मिलिसेकंदांची मुदत २५० केली. खिडक्या कमी झाल्या, कंट्रोल मात्र सुस्तावलं. एकाच हाताच्या कळा टॅप मानणारा ‘कॉर्डल होल्ड’ही इथे लंगडा, कारण ‘के’ उजवीकडे आणि ‘डी’ डावीकडे. शेवटी मधल्या रांगेतले सगळे मॉडिफायर काढले. कंट्रोल आणि शिफ्ट डाव्या बाहेरच्या स्तंभात, सुपर (विंडोज कळ) आणि आल्ट अंगठ्यांवर.

‘ड’ राहिला होता. तो चौकटी कंसाच्या कळीवर असतो, आणि ती कळ या कीबोर्डवर नाहीच. उजव्या कोपऱ्यात, ‘पी’शेजारी बॅकस्पेस होता, तिथे ‘ड’ बसवला. ‘ृ’ आणि ‘ॉ’ दुसऱ्या थरावर, म्हणजे एक कळ धरली की बाकीच्या कळांना मिळणाऱ्या दुसऱ्या मांडणीत. बॅकस्पेस उजव्या अंगठ्याच्या मधल्या कळीवर आला: टॅप केला तर खोडतो, धरला तर तो दुसरा थर उघडतो. त्यामुळे धरून सलग खोडता येत नाही. एकदा टॅप करून लगेच पुन्हा धरला की मग सलग खोडतो.