हरवलेल्या मुलांसाठी घेतलेलं यंत्र

रेल्वे स्टेशनवर एकट्या सापडलेल्या मुलांना घरी पोचवायचं काम मी बरीच वर्षं केलं. "देवळामागं बोअर आहे" एवढंच पोर सांगायचं आणि त्यावरून आम्ही तालुकेच्या तालुके धुंडाळायचो. म्हणून २०१८ मध्ये दिल्ली पोलिसांनी हरवलेली मुलं शोधायला चेहरा ओळखणारी यंत्रणा घेतली, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

पुढच्याच वर्षी, २२ डिसेंबरला, रामलीला मैदानावर पंतप्रधानांची सभा होती. नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या निदर्शनांचं चित्रीकरण पोलिसांकडे होतंच. त्यातले चेहरे याच यंत्रणेत घातले गेले आणि सभेला येणाऱ्यांचे चेहरे प्रवेशद्वारावर त्यांच्याशी ताडून पाहिले गेले. हातात फलक धरला, एवढ्यावर माणूस यादीत!

बरं, मुलं तरी सापडत होती का? अचूकता २ टक्के आहे, असं पोलिसांनीच उच्च न्यायालयात सांगितलं होतं. २०१९ मध्ये महिला व बालविकास मंत्रालयाने सांगितलं, की ही यंत्रणा मुलगा की मुलगी हेही ओळखू शकत नाही. आणि मार्च २०२० मध्ये गृहमंत्री संसदेत म्हणाले, दिल्ली दंगलीतले अकराशेच्या वर लोक चेहऱ्यावरून ओळखले. त्यासाठी मतदार ओळखपत्रं आणि वाहन परवान्यांचे फोटो वापरले. दंगलखोराला पकडायलाच हवं. पण मतदानासाठी दिलेला माझा फोटो पोलिसांच्या यंत्रात जाणार, हे मला कोणी विचारलं?

आमच्या गावात कमी पटाच्या शाळा बंद करू नका म्हणून मोर्चा निघाला, तेव्हा साध्या वेशातला एक जण हातात कॅमेरा घेऊन आमच्या बाजूबाजूने उलट्या पावली चालत होता. घोषणा देणाऱ्यांपेक्षा गप्प चालणाऱ्यांच्या तोंडावर तो जास्त वेळ थांबे. नातवाचा हात धरून आलेल्या एका आजींनी पदर तोंडावर ओढला आणि मला विचारलं, "आपुन काय चोरी केली का गं बाई?" पुढच्या मोर्चाला त्या आल्या नाहीत. मला राग येतो तो याचाच. लाठी न उगारता माणूस घरी बसवता येतो.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात हात घालायचा तर कायदा हवा, रास्त कारण हवं आणि हस्तक्षेप गरजेपुरताच हवा. चेहरा ओळखण्याच्या यंत्रणेसाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नाही.

मी माहिती अधिकारात अर्ज केला: चित्रीकरण कुठे ठेवता, किती दिवस ठेवता, कोण पाहतं, पुसता कधी? "माहिती गोपनीय आहे," एका ओळीत उत्तर आलं. पुसण्याची मुदत सांगण्यात कसली आलीये गोपनीयता? पहिल्या अपिलाला तीस दिवस असतात. माझं लिहून झालंय, सोमवारी देतेय.