इंजिन मूळचंच आहे का?

जुनी गाडी घ्यायला निघालेली माणसं मला हमखास विचारतात, "हिचं इंजिन मूळचंच आहे हे ओळखायचं कसं?" विचारताना हातात आरसी बुक असतं आणि पुढचं वाक्य ठरलेलं, "नंबर तर जुळतोय."

जुळतो, पण त्यावरून एवढंच कळतं की आज गाडीत बसलेल्या इंजिनाची वाहतूक खात्याकडे नोंद आहे. इंजिन रीतसर बदललं की नवा नंबर आरसीवर चढतो, आणि मग तोही जुळतो. म्हणून मी आधी विचारतो, गाडी कुठल्या सालची?

गोव्यात तर हे विचारायलाच हवं. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी इथे युरोपातल्या गाड्या थेट यायच्या. मुक्तीनंतर देशातले आयातीचे निर्बंध इथेही लागू झाले, परदेशी सुटे भाग दुर्मीळ झाले. मग मेस्तांनी, म्हणजे गॅरेजच्या कारागिरांनी, हाताला लागेल ते बसवून गाड्या चालत्या ठेवल्या. त्यांनी ते केलं नसतं तर आज तपासायला गाडीच उरली नसती, हे मी मनापासून सांगतो.

मुक्तीआधी आलेली फोक्सवॅगन बीटल घ्या. तिचं इंजिन मागे असतं. मागचं झाकण उघडा. जनरेटर ज्या स्टँडवर बसतो त्याच्या खालीच क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या धातूच्या मुख्य खोक्यावर, इंजिन नंबर ठोकलेला असतो. तेलाची पुटं रॉकेलच्या फडक्याने हळूहळू पुसा. वायर ब्रश लावू नका, क्रँककेस मॅग्नेशियमची असते आणि खोदलेले आकडे पुसट होतात. नंबरच्या आधी 'डी' दिसला तर शंका मिटली. १२०० सीसीच्या इंजिनाला ते अक्षर ऑगस्ट १९६५ पासून लागलं, त्यामुळे ते इंजिन या गाडीचं असूच शकत नाही. नुसते आकडे असतील आणि नंबर पन्नास लाखांच्या पुढचा असेल, तर ते ऑगस्ट १९६० पासून बनलेलं ३४ हॉर्सपॉवरचं इंजिन. १९५८ च्या गाडीत ते दिसलं तर नंतर बसवलेलं.

चासी नंबरासाठी मागची सीट उचला, गाडीच्या तळाशी मधोमध उंचावलेला पत्र्याचा बोगदा असतो, त्यावर सापडेल. बॅटरीही त्याच सीटखाली असते. ॲसिड आणि आपल्याकडचा पावसाळा, दोन्हींनी तिथला पत्रा खाल्लेला असतो, तेव्हा तिथे घाई नको.

१९६१ च्या आधी बनलेल्या मर्सिडीज १८० डी चं मूळ इंजिन ओएम ६३६, १७६७ सीसीचं. त्या जागी ओएम ६१६ दिसलं तर ते सत्तरच्या दशकातलं किंवा त्यानंतरचं. बजाज टेम्पो ते परवान्यावर भारतात बनवायची.

नंबर काळाशी जुळला म्हणजे इंजिन मूळचं असू शकतं, एवढंच. खात्री कारखान्याच्या नोंदीवरूनच होते. मर्सिडीजच्या डेटा कार्डावर, म्हणजे कारखान्याच्या गाडीनिहाय नोंदपत्रावर, इंजिन नंबर असतो. मॉरिससारख्या ब्रिटिश गाड्यांसाठी इंग्लंडमधल्या गेडनचं ब्रिटिश मोटर म्युझियम जुन्या नोंदींवरून हेरिटेज सर्टिफिकेट देतं. पैसे लागतात, वाट बघावी लागते, पण मोठी रक्कम मोजण्याआधी हा खर्च कराच.

आणि नंबर नुसता वाचू नका, त्याखालचा धातूही बघा. आजूबाजूचा भाग ओबडधोबड आणि नंबराची जागा तेवढी घासून खाली गेलेली, आकड्यांचं वळण वेगळं, असं दिसलं तर नंबरावर कागद धरून पेन्सिल घासा, तो ठसा म्हणजे पेन्सिल प्रिंट घ्या आणि त्याच मॉडेलच्या खात्रीच्या गाडीच्या प्रिंटशेजारी धरा. नंबर पुन्हा ठोकलेला वाटला तर ती गाडी घेऊ नका, किंमत कितीही उतरवली तरी. बदललेल्या इंजिनाची गाडी मी आनंदाने घेईन. नंबर खोडलेली मात्र नाही, कारण तो गुन्हा आहे आणि गाडीचा खरा इतिहास त्याने कायमचा पुसला जातो.

बदललेलं निघालं तर विकणाऱ्याला विचारा, जुन्या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे त्याचा मुख्य सांगाडा, कुठे आहे? भंगारात गेला नसेल तर जुन्या मेस्ताकडे नाहीतर घरामागच्या शेडमध्ये मिळू शकतो. तडा गेलेला असला तरी गाडीबरोबर घ्या, आणि व्यवहाराच्या कागदावर दोन्ही इंजिनांचे नंबर लिहून घ्या.