होर्डिंगवरची बाई बघतं कोण?

घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये अडकलं की बघायला दोनच गोष्टी असतात, पुढच्या पाण्याच्या टँकरची मागची बाजू आणि वर होर्डिंगवरची ती बाई. ती कायम बाल्कनीत उभी असते. अंगात पायघोळ गाऊन, हातात कॉफीचा मग, केस वाऱ्यावर आणि मागे येऊरचा डोंगर इतका हिरवागार की खुद्द येऊरला भर पावसाळ्यातही ते जमत नाही. मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत बिल्डर बदलत जातात पण बाई तीच असावी असं वाटत राहतं. आणि तिच्या त्या बाल्कनीत कधी म्हणजे कधीच टॉवेल वाळत घातलेला नसतो, कुंडीत सुकलेली तुळस नसते, कबुतराची जाळी नसते. जाळी न लावता राहता येईल अशी बाल्कनी ठाण्यात कोणी दाखवावी, मी उभ्या उभ्या टोकन देते.

आता यावर काय बोलायचं ते ठरलेलंच आहे, बाईची वस्तू केली, पुरुषांची नजर खेचायला उभी केली वगैरे. कॉलेजात वादविवाद स्पर्धेत मीही हे तावातावाने बोललेय आणि ते काही खोटं नाही. डिओच्या जाहिराती आठवा, त्याने फवारा मारला की गल्लीतल्या बायका कामधाम सोडून त्याच्यामागे. 2011 मध्ये शेवटी माहिती आणि प्रसारण मंत्रालयालाच मध्ये पडावं लागलं की हे जरा आवरा. पण हल्ली माझं मत असं होत चाललंय की यातल्या बऱ्याचशा बायका पुरुषांसाठी नसतातच मुळी, आपल्यासाठी असतात. पुरुष बघतो आणि सिग्नल सुटला की विसरतो. आपण मापं घेतो, दंड बघतो, केसांचा कट बघतो, स्वतःशी ताडून बघतो आणि घरी आल्यावर आरशासमोर परत एकदा सगळ्याची उजळणी. बिल्डरला हे बरोब्बर माहितीय. कर्जाचे हप्ते कोणाच्याही पगारातून जावोत, सॅम्पल फ्लॅटचं किचन बघून नाक कोण मुरडणार?

राम मारुती रोडला साड्यांच्या दुकानांसमोर दहा मिनिटं उभं राहून बघा. बाहेर पैठणी नेसलेल्या हिरॉईनचा पुरुषभर उंचीचा बॅनर, आणि आत शिरणारी प्रत्येकजण बोट बाहेर करून म्हणते, ती तिने नेसलीय ना, तीच दाखवा. दुकानातले काका गादीवर बसल्या बसल्या ती काढतात, घडी मोडतात, पदर आपल्या खांद्यावर टाकून दाखवतात. मग ती बाई जरा हिरमुसून म्हणते, अहो बाहेर रंग वेगळा दिसतोय. काका शांतपणे म्हणतात, ताई तो फ्लेक्सचा रंग आहे, हा साडीचा. मी हे कानाने ऐकलंय. आणि तरी ती घेऊन गेली, म्हणजे बघा.

आपल्याकडे हे आजचं पण नाही. चित्रकार दीनानाथ दलालांचा दीपावली अंक 1945 पासून निघायचा, तिकडे चित्रकार रघुवीर मुळगावकरांचा रत्नप्रभा, आणि मुखपृष्ठावर सुंदर बाई. मोठे डोळे, केसात फुलं आणि कंबर अशी की ती बाई दोन वेळा जेवते यावर विश्वास बसू नये. त्यात पुरुष काय बघायचे ते असो, आमची आत्या ब्लाऊजच्या बाह्या बघायची. अंक वाचून झाला की तो शिंपीकाकांकडे जायचा आणि परत यायचा तेव्हा मुखपृष्ठावर खडूचे डाग असायचे. साबणाचंही तेच. लक्सच्या जाहिरातीत पहिली भारतीय नटी आली 1941 मध्ये आणि ती आपली लीला चिटणीस, त्या काळात पदवी घेतलेली बाई. तिचा फोटो बघून पुरुषांनी वाण्याकडे जाऊन साबण मागितला असेल? वाण्याची यादी कोण करायचं घरात?

लिरिल साबणाची गोष्ट तर मला फारच आवडते. हिरव्या बिकिनीतली मुलगी धबधब्याखाली नाचतेय, 1975 ची जाहिरात, कॅरन लुनेल तिचं नाव, शूटिंग कोडाईकनालकडचं. बघणाऱ्यांना वाटलं हे सगळं पुरुषांसाठी चाललंय. पण ती जाहिरात करणारे अलेक पदमसी सांगायचे की आम्ही बायकांशी बोललो तेव्हा कळलं, दिवसभरात सासू नाही, नवरा नाही, पोरं नाहीत असा वेळ घरच्या बाईला फक्त आंघोळीपुरता मिळतो आणि त्या पाच-दहा मिनिटांत ती स्वप्नं बघते. म्हणजे तो धबधबा न्हाणीघरातल्या बाईसाठी होता! ते वाचलं तेव्हा मला एकदम आमचं जुनं नौपाड्यातलं घर आठवलं, नळाला पाणी येण्याची वेळ ठरलेली, बाहेर बादल्यांची रांग आणि आई आत गेली की दोन मिनिटांत कोणीतरी दारावर थाप मारणार, अगं माझा टॉवेल कुठाय.

गंमत म्हणजे त्याच 1975 मध्ये, तेही आंतरराष्ट्रीय महिला वर्ष चालू असताना, लिरिलवाल्या हिंदुस्तान लिव्हरनेच गोरं करणारी फेअर अँड लव्हली क्रीम आणली. एकाच घरातून एक ट्यूब आणि एक वडी. वडी सांगणार नाच बाई मोकळी, ट्यूब सांगणार पण आधी जरा उजळ हो. नावातलं ते फेअर जायला 2020 उजाडलं, आता ग्लो म्हणतात. मला विचाराल तर धबधब्यातल्या मुलीने कोणाचं काही वाईट केलं नाही, तिचं कपड्यांवरून उगाच नाव झालं. ट्यूबच्या जाहिरातीतली जी अंगभर कपड्यात, मान खाली घालून, आधी सावळी म्हणून नोकरी नाही आणि मग गोरी म्हणून नोकरी मिळाली असं दाखवायची, तिने आमच्या पिढीच्या मुलींना जो काही त्रास दिलाय तो विचारू नका. लग्नाच्या जाहिरातीत तेव्हा गोरी लिहायचे, नाहीतर निमगोरी. सावळ्या मुलींच्या रंगाची ओळच गायब असायची.

आणि कायद्याला दिसतात फक्त कपडे. 1986 चा कायदा आहे, बाईचं असभ्य चित्रण करायचं नाही म्हणून. 1995 मध्ये ती बुटांची जाहिरात आली, मधू सप्रे आणि मिलिंद सोमण, अंगावर बूट आणि एक अजगर. केली केस. ती चालली 2009 पर्यंत, शेवटी सुटले सगळे. तेवढ्या वर्षांत ट्यूबा किती खपल्या असतील हिशोब नको.

बरं आता तर मॉडेल पण लागत नाही. आमच्या सोसायटीत बी विंगच्या वहिनी घरून इरकल आणि खण विकतात, बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज दुपारी फोटो येतात. सुरुवातीला स्वतःच नेसून काढायच्या पण गळ्यापासून खाली, डोकं कापलेलं. मी विचारलं तर म्हणाल्या, तोंड दिसलं की साडीबद्दल कोणी विचारत नाही, वहिनी बारीक झालात का तेवढंच विचारतात. मग मुलाने त्यांना एआयवर फोटो करून दिले. साडी तीच, आत एक गोरीपान, उंच, पंचविशीतली मुलगी, मागे कुठलातरी वाडा. ऑर्डरी वाढल्या हो चक्क! म्हणजे आम्हाला सगळ्यांना माहितीय की ही बाई जगात कुठेही नाही, आणि ग्रुपमध्ये एकही पुरुष नाही, तरी बिनडोकाच्या खऱ्या वहिनींपेक्षा हिच्या अंगावर तीच इरकल जास्त खपते. मी त्यांना म्हटलं, वहिनी हे जरा फसवल्यासारखं नाही का होत, तर त्या म्हणाल्या, अगं खाली लिहिते ना मी, बाई खोटी, साडी खरी, हजार रुपयांवर फॉल-पिको फ्री.

मोरपंखी एकच उरली होती. मी म्हटलं ठेवा बाजूला.