जतहून मिरजेला निघण्याआधी

जतपासून मिरज 80 किलोमीटरच्या आसपास. आटपाडी, शिराळ्याच्या डोंगरातल्या वाड्या, पलीकडे साताऱ्यात पाटण, कोयनानगर, माणचा कोरडा पट्टा, सगळीकडे गणित जवळपास सारखंच. रात्री दोनला छातीत कळ आली की शेजारच्याची गाडी काढायची आणि "आता मोठ्या दवाखान्यातच नेऊ" म्हणत वाटेतलं ग्रामीण रुग्णालय मागे टाकून थेट मिरज, सांगली, कराड नाहीतर कोल्हापूर गाठायचं. नेणाऱ्यांच्या मनात माया असते, घाईही असते. पण हार्ट अटॅकमध्ये वाटेतला तो थांबा टाळणं बहुतेक वेळा महागात पडतं. का, ते नीट सांगायला हवं.

हृदयाच्या धमनीत साठलेला चरबीचा थर तडकतो, त्यावर रक्ताची गुठळी बसते आणि पुढचा रक्तपुरवठा बंद पडतो. वीस-तीस मिनिटांत पुढचा स्नायू मरायला लागतो, आतल्या थराकडून बाहेरच्या थराकडे. एरिक बोअर्स्मा आणि सहकाऱ्यांनी 1996 साली गुठळी विरघळवणाऱ्या औषधांच्या जुन्या चाचण्या एकत्र करून हिशेब मांडला. दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्या तासात औषध मिळालं तर 1000 रुग्णांमागे 65 जीव वाचतात. दुसऱ्या तासात 37. तिसऱ्या तासात 26. म्हणजे पहिला तास हातचा गेला की जवळपास अर्धा फायदा गेला. आणि आपल्याकडची परिस्थिती? भारतातल्या 89 केंद्रांमधल्या वीस हजारांवर रुग्णांची 'क्रिएट' ही नोंदणी 2008 साली प्रसिद्ध झाली. मोठ्या अटॅकच्या, म्हणजे धमनी पूर्ण बंद पडलेल्या रुग्णांना दुखणं सुरू झाल्यापासून दवाखान्यात पोचायला लागलेला मध्यक वेळ होता 360 मिनिटं. सहा तास.

बंद धमनी उघडायचे दोन मार्ग. एक म्हणजे कॅथलॅबमध्ये, म्हणजे धमनीत तार घालून काम करायच्या खोलीत, बलून आणि स्टेंट, म्हणजेच अँजिओप्लास्टी. तो जास्त खात्रीचा, मात्र वेळेत झाला तरच. दुसरा म्हणजे शिरेतून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, जे ईसीजी आणि मॉनिटर असलेल्या कुठल्याही तयारीच्या दवाखान्यात देता येतं. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांचे नियम इथे स्पष्ट बोलतात: ईसीजीवर निदान झाल्यापासून 120 मिनिटांच्या आत धमनीत तार जाणार असेल तर थेट अँजिओप्लास्टी. तेवढ्यात होणार नसेल तर आधी इंजेक्शन, तेही निदानानंतर 10 मिनिटांत, आणि मग लगेच पुढे रवानगी.

लोक हा 120 मिनिटांचा हिशेब गाडीच्या वेळेवर करतात, आणि चूक तिथेच होते. 80 किलोमीटर म्हणजे दीड-दोन तास, हंगामात उसाच्या ट्रॉल्या पुढे असल्या तर जास्त. पण पोचलं म्हणजे झालं का? केसपेपर, पुन्हा ईसीजी, तज्ज्ञाला फोन, रात्री कॅथलॅबची टीम घरून येणार, संमतीपत्र, पैशांची किंवा योजनेच्या कागदांची जुळवाजुळव. तार धमनीतून पुढे सरकेपर्यंत तीन-साडेतीन तास सहज उलटतात.

"पण सुई म्हणजे जुना, कमी प्रतीचा उपाय ना?" असं सुशिक्षित माणसंही विचारतात. याचं उत्तर 'स्ट्रीम' या 2013 च्या चाचणीत आहे. दुखणं सुरू होऊन तीन तास व्हायच्या आत आलेले, पण तासाभरात अँजिओप्लास्टी शक्य नसलेले 1892 रुग्ण त्यात होते. निम्म्यांना टेनेक्टेप्लेज हे इंजेक्शन देऊन पुढे पाठवलं, निम्म्यांना थेट अँजिओप्लास्टीसाठी नेलं. 30 दिवसांत मृत्यू, शॉक (हृदय थकून रक्तदाब कोसळणं), हार्ट फेल्युअर किंवा पुन्हा अटॅक यांपैकी काहीतरी झालेल्यांचं प्रमाण इंजेक्शनच्या गटात 12.4 टक्के, दुसऱ्या गटात 14.3 टक्के. हा फरक सांख्यिकीच्या कसोटीवर टिकणारा नाही, म्हणजे दोन्ही मार्ग बरोबरीचे. पण त्यातच दुसरी एक गोष्ट आहे आणि ती विसरायची नाही: इंजेक्शन दिलेल्यांपैकी 36 टक्के रुग्णांना तातडीने अँजिओग्राफी करावीच लागली, कारण गुठळी पुरती विरघळली नव्हती. म्हणून इंजेक्शन दिलं, दुखणं थांबलं, आता सकाळी बघू, हे चालत नाही. सुई आणि अॅम्ब्युलन्स दोन्ही एकाच वेळी हलली पाहिजेत.

तमिळनाडूने हे प्रत्यक्षात करून पाहिलं. छोटे दवाखाने एका कॅथलॅबशी जोडले आणि योजना सुरू होण्याआधीचे व नंतरचे मिळून 2420 रुग्ण तपासले. 2017 साली निकाल आला: वर्षभरातले मृत्यू 17.6 टक्क्यांवरून 14.2 टक्क्यांवर. या कामाला नवं औषध लागलं नाही. कोणी कोणाला फोन करायचा आणि रुग्ण कुठे थांबेल, हे आधी ठरलं होतं.

आता पहिल्या दवाखान्यात काय व्हायला हवं, ते जरा सविस्तर. कारण बिघडतं ते इथेच.

रुग्ण आल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी. घामाने छाती ओली असते, ती आधी कोरड्या कापडाने पुसायची. केस दाट असतील तर तेवढ्या जागी काढायचे, नाहीतर पट्टीवर नुसती थरथर उमटते. व्ही1 आणि व्ही2 हे दोन लीड, म्हणजे ईसीजीच्या छातीवर लावायच्या वायरी, छातीच्या हाडाच्या उजवी-डावीकडे बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत बसतात. घाईत ते दुसऱ्या-तिसऱ्या फटीत लागतात आणि नसलेला अटॅक दिसतो किंवा असलेला झाकला जातो. डाव्या-उजव्या हाताच्या वायरी उलटल्या तर लीड एकमध्ये सगळं उलटं दिसतं. पट्टीवर वेग सेकंदाला 25 मिलिमीटर आणि उंची मिलिव्होल्टला 10 मिलिमीटर छापली आहे ना, तेही बघायचं. लीड काढताना छातीवर पेनाने जागेच्या खुणा कराव्यात. पुढचा ईसीजी त्याच जागांवरून निघाला तरच दोन पट्ट्यांची तुलना खरी.

एसटी भाग, म्हणजे पट्टीवर प्रत्येक ठोक्याच्या उंच टोकानंतरची रेघ, शेजारच्या दोन लीडमध्ये एक मिलिमीटर किंवा जास्त वर उचललेला असेल तर तो मोठा अटॅक धरायचा. व्ही2-व्ही3 मध्ये मोजमाप वेगळं: चाळिशीपुढच्या पुरुषात दोन, चाळिशीच्या आतल्या पुरुषात अडीच, स्त्रीत दीड मिलिमीटर. खालच्या भिंतीचा अटॅक दिसला, म्हणजे दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये, तर उजव्या छातीवर व्ही4-आर काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. हृदयाचा उजवा कप्पाही अटॅकमध्ये सापडला असेल तर रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या जिभेखालच्या सॉर्बिट्रेट गोळीने रक्तदाब धाडकन कोसळतो. घरातल्या कोणाची सॉर्बिट्रेट खिशात असते म्हणून ती रुग्णाच्या जिभेखाली सारायची सवय आपल्याकडे फार आहे. रक्तदाब मोजल्याशिवाय ती देऊ नये. ताकद वाढवणाऱ्या गोळ्या, म्हणजे सिल्डेनाफिल 24 तासांत किंवा टाडालाफिल 48 तासांत घेतली असेल तर अजिबात नाही. हा प्रश्न नातेवाइकांना बाजूला करून विचारावा लागतो, आणि विचारलाच पाहिजे.

पहिला ईसीजी साफ आला म्हणून "पित्त आहे, घरी जा" म्हणू नये. दुखणं चालू असेल तर पहिल्या तासात दर 15 ते 30 मिनिटांनी पुन्हा काढायचा. हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी ट्रोपोनिन ही रक्ततपासणी सुरुवातीच्या तासांत निगेटिव्ह येऊ शकते, आणि ईसीजीवर अटॅक स्पष्ट असेल तर त्या रिपोर्टसाठी थांबण्यात अर्थच नाही. मधुमेहाच्या रुग्णाला, विशेषतः वयस्कर बाईला, छातीत दुखतच नाही असंही होतं. नुसता दम लागतो, घाम फुटतो, मळमळतं, जबडा दुखतो. चहा-सोडा देऊन तासभर वाट बघणं होतं ते अशाच रुग्णांच्या बाबतीत.

घरच्या घरी करण्यासारखी एकच गोष्ट: अॅस्पिरिन. 300 मिलिग्रॅमच्या आसपास, चावून. इकोस्प्रिन 150 च्या दोन गोळ्या असतील तर त्याही चावायच्या. त्यांच्यावर जठरात न विरघळणारं आवरण असतं, त्यामुळे गिळल्या तर असर व्हायला उशीर होतो. अॅस्पिरिनची अॅलर्जी असेल किंवा रक्ताची उलटी, काळी शी असं काही चालू असेल तर नाही. या साध्या गोळीची ताकद कमी समजू नका. 1988 च्या 'आयसिस-2' चाचणीत 17,187 रुग्ण होते आणि महिनाभर घेतलेल्या नुसत्या अॅस्पिरिनने पहिल्या पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांचे मृत्यू 23 टक्क्यांनी घटले. ऑक्सिजनची नळी मात्र सवयीने लावण्याची गरज नाही. रक्तातलं प्रमाण 90 टक्के किंवा जास्त असेल तर तिचा फायदा होत नाही, हे 2017 साली स्वीडनमधल्या सहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीने दाखवलं.

आणि एक कळकळीची विनंती, गावातल्या डॉक्टरांनाही आणि इंजेक्शनचा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांनाही. छातीत दुखणाऱ्या माणसाला कंबरेत वेदनाशामक सुई देऊ नका. नंतर गुठळी विरघळवणारं औषध गेलं की त्या सुईच्या जागी आत रक्त साठत जातं, मांडी-कंबर काळीनिळी होऊन टणक होते आणि हिमोग्लोबिन खाली येतं. शिवाय डायक्लोफिनॅकच्या जातीची औषधं अटॅकच्या रुग्णाला घातकच. वेदना कमी करायची ती शिरेतूनच.

टेनेक्टेप्लेज वजनावर ठरतं. 60 किलोच्या आत 30 मिलिग्रॅम, 60 ते 69 ला 35, 70 ते 79 ला 40, 80 ते 89 ला 45, नव्वदपासून पुढे 50. पावडरीत सोबतचं पाणी सोडून बाटली हलके फिरवायची, खळखळून हलवायची नाही, फेस होतो. पाच-दहा सेकंदांत शिरेत एकदाच द्यायचं. इथे एक चूक हमखास होते: त्या शिरेत आधीपासून ग्लुकोजची बाटली चालू असते. टेनेक्टेप्लेज ग्लुकोजमध्ये साकळतं. म्हणून आधी आणि नंतर सलाईनने नळी धुऊन घ्यायची. टेनेक्टेप्लेज नसेल आणि स्ट्रेप्टोकायनेज असेल तर तेही चालतं, 15 लाख युनिट, 30 ते 60 मिनिटांत. त्याने रक्तदाब उतरतो, उतरला तर वेग कमी करायचा. ते एकदा दिलं की शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, म्हणून त्याच माणसाला आयुष्यात दुसऱ्यांदा देत नाहीत.

भीती असते मेंदूत रक्तस्राव होण्याची, आणि ती खरी आहे. 'स्ट्रीम'मध्ये सुरुवातीला असे प्रकार झाले तेव्हा 75 आणि पुढच्या वयाला डोस निम्मा केला, आणि धोका बराच खाली आला. 2023 च्या 'स्ट्रीम-2' मध्ये साठीपासून पुढच्यांना निम्मा डोस दिला. तरी सहा जणांना मेंदूत रक्तस्राव झाला. त्यातल्या तिघांत नियम मोडला गेला होता: दोघांना रक्त पातळ करणारं औषध जास्त गेलं, एकाचा रक्तदाब आटोक्यात नव्हता. माझ्या मते धडा सरळ आहे. डोसइतकंच लक्ष रक्तदाबाकडे आणि हेपरिनकडे, म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या औषधाकडे, हवं. दाब 180/110 च्या वर असेल तर आधी उतरवायचा. पूर्वी कधीही मेंदूत रक्तस्राव झालेला, गेल्या सहा महिन्यांत लकवा, नुकताच डोक्याला मार, महिन्याभरात पोटातून रक्तस्राव, किंवा दुखणं फाटल्यासारखं पाठीत जाऊन दोन हातांच्या दाबात मोठा फरक: अशा रुग्णाला सुई द्यायची नाही. तो थेट पुढे.

इंजेक्शननंतर 60 ते 90 मिनिटांनी ईसीजी. उचललेला एसटी निम्म्याहून कमी खाली आला असेल तर औषध लागू पडलेलं नाही, लगेच अँजिओप्लास्टी. लागू पडलं असेल तर 2 ते 24 तासांत अँजिओग्राफी. हा ईसीजी अॅम्ब्युलन्समध्येच काढावा लागला तरी चालेल, त्यासाठी निघायचं थांबू नये. 108 ला फोन लावताना "हार्ट अटॅक, इंजेक्शन दिलंय, डिफिब्रिलेटर असलेली गाडी हवी" असं स्पष्ट सांगायचं. डिफिब्रिलेटर म्हणजे विजेचा झटका देऊन हृदयाचा ताल जागेवर आणणारं यंत्र. खाजगी गाडीच्या मागच्या सीटवर हृदयाचा ताल बिघडला तर तिथे करण्यासारखं फारसं काही उरत नाही.

घरात मधुमेह, दाब किंवा आधी अटॅक आलेलं माणूस असेल तर आजच चौकशी करून ठेवा: रात्री ईसीजी कुठे निघतो, गुठळी विरघळवणारं औषध कुठे ठेवलेलं असतं, तिथून पुढे कुठल्या कॅथलॅबला फोन होतो. नंबर दाराजवळच्या कॅलेंडरवर लिहा, मोबाइलचा लॉक रुग्णालाच माहीत असतो.

आणि पुढे जाताना रुग्णासोबत एक चिठ्ठी हवी. दुखणं किती वाजता सुरू झालं, पहिला ईसीजी किती वाजता, अॅस्पिरिन किती, कुठलं इंजेक्शन, किती मिलिग्रॅम, किती वाजता, हेपरिन दिलं का, शेवटचा रक्तदाब. मूळ ईसीजी सोबत द्यायचा आणि फोटो काढून आधीच पाठवायचा. ती पट्टी उष्णतेने काळी पडणाऱ्या कागदावर असते. शर्टाच्या खिशात घामाने भिजून किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात राहून मिरजेला पोचेपर्यंत तिच्यावर काहीच वाचता येत नाही.